तोंडचे पाणी का पळते?



मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. भाषण मला तोंडपाठ होते; घरी आरशासमोर उभे राहून मी ते वीस वेळा तरी म्हटले असेल. माझे नाव पुकारले गेले. मी व्यासपीठावर चढलो, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' एवढे म्हटले आणि जीभ टाळ्याला चिकटली. छातीत धडधड सुरू झाली. हात गार पडले आणि त्या गार तळव्यांना घामही सुटला. टेबलावर पाण्याचा तांब्याभांडे होते, पण हात इतके थरथरत होते की भांडे उचलण्याचा धीर झाला नाही. कशीबशी दोन वाक्ये बोलून मी खाली उतरलो.

त्या दिवशी मी मनाशी एक निष्कर्ष काढून टाकला : 'मी भित्रा आहे.' पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी पोट दुखते असे सांगून मी घरी राहिलो. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच केले.

माझा निष्कर्ष चुकीचा होता. पण हे मला कितीतरी वर्षांनी, शरीरशास्त्राचे पुस्तक वाचताना कळले. तोंडी परीक्षा, दहावीचा पेपर, फळ्यावर गणित सोडवणे, पाहुण्यांसमोर बोलणे अशा प्रसंगांपूर्वी तुमच्यापैकी पुष्कळांची अशीच अवस्था होत असेल. ती का होते आणि औषधाच्या गोळीवाचून ती आटोक्यात कशी ठेवता येते, हे आज आपण पाहू. विज्ञानाच्या रीतीप्रमाणे थोडे प्रयोगही करू.

वाक्प्रचारांचे शरीरशास्त्र

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत वाक्प्रचारांचे अर्थ विचारतात. तोंडचे पाणी पळणे, छातीत धडधडणे, हातपाय गार पडणे, दरदरून घाम फुटणे, अंगावर काटा येणे, पोटात गोळा येणे. या साऱ्यांपुढे आपण 'खूप घाबरणे' असे लिहितो आणि गुण मिळवतो. पण नीट पाहिले तर यांतील प्रत्येक वाक्प्रचार म्हणजे शरीराचे एक अचूक निरीक्षण आहे. ही निरीक्षणे करणाऱ्यांनी कारणे सांगितली नाहीत, एवढेच. ती आपण शोधू.

समजा, तुम्ही शेताच्या बांधावरून चालला आहात आणि अचानक एक पिसाळलेले कुत्रे समोर आले. आता दोनच मार्ग आहेत : काठी उचलून सामना करायचा किंवा पळत सुटायचे. दोन्हींसाठी हातापायांच्या स्नायूंना भरपूर रक्त हवे. म्हणून हृदय जलद आणि जोराने धडकू लागते. हीच छातीतील धडधड. हे जादा रक्त आणायचे कोठून? त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेथील रक्त स्नायूंकडे वळते. त्वचेला ऊब देणारे रक्त कमी झाले की हातपाय गार पडतात. पळताना शरीर तापणार, म्हणून घर्मग्रंथी आधीच कामाला लागतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. कातडीतील केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आखडतात. मांजर भ्याले की केस पिंजारून मोठे दिसते, ते यामुळेच. आपल्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, पण स्नायू उरले. म्हणून आपल्या अंगावर नुसता काटा येतो.

आणि तोंडचे पाणी? कुत्रे अंगावर येत असताना दुपारचे जेवण पचवणे हे काही तातडीचे काम नव्हे. म्हणून पचनाचे कारखाने तात्पुरते बंद ठेवले जातात. लाळ कमी होते व घट्ट होते. तोंडाला कोरड पडते. जठराची हालचाल मंदावते. पोटात गोळा आल्यासारखे वाटते.

पचनाची ही गोष्ट वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष पाहिली. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हार्वर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या कॅननने त्यांचा उपयोग मांजरीचे जठर पाहण्यासाठी केला. मांजरीच्या अन्नात क्ष-किरण अडवणारे द्रव्य मिसळले की जठराची हालचाल पडद्यावर दिसे. मांजर चिडले किंवा अस्वस्थ झाले की ती हालचाल थांबे आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. पुढे १९१५ साली कॅननने या विषयावर ग्रंथ लिहिला. संकटात शरीर 'लढा किंवा पळा' अशी तयारी करते, ही कल्पना त्याच्यामुळे जगभर रूढ झाली.

तेव्हा मित्रांनो, व्यासपीठावर माझे जे झाले तो भित्रेपणा नव्हता. धोक्याची घंटा वाजली होती आणि माझे शरीर चोख काम करीत होते. चूक एवढीच होती की समोर कुत्रे नव्हते.

भीती आणि चिंता

कुत्रे समोर असले तर ती भीती. कुत्रे उद्या येईल असे वाटत राहिले तर ती चिंता. शरीराची घंटा मात्र दोन्हींसाठी एकच आहे.

आपल्या दोन मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. घंटा वाजली की त्या ॲड्रिनॅलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हे द्रव्य रक्तात फार काळ टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणजे कुत्रे निघून गेले की थोड्या वेळात आपण पूर्ववत व्हायला हवे. मांजर होतेही. पण माणूस 'गणिताचा पेपर अवघड आला तर?' हा विचार पुन्हा पुन्हा करतो आणि दर वेळी घंटेची दोरी नव्याने ओढतो.

थोडी घंटा वाजणे चांगलेच असते, हेही लक्षात ठेवा. १९०८ साली यर्कीज व डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन रंगांच्या पेट्यांतील फरक ओळखायला शिकवले. चूक झाली की विजेचा झटका बसे. ओळखण्याचे काम अवघड असताना फार सौम्य झटक्याने उंदीर लवकर शिकले नाहीत आणि फार तीव्र झटक्यानेही नाहीत. मध्यम झटक्याने लवकर शिकले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण परीक्षेची मुळीच पर्वा नसलेला विद्यार्थी आणि परीक्षेच्या धास्तीने गळाठलेला विद्यार्थी या दोघांचीही गत आपण पाहतोच. तेव्हा चिंता शून्यावर आणणे हे आपले ध्येय नाही. घंटा गरजेपुरती वाजावी आणि मग थांबावी, एवढेच आपल्याला हवे आहे.

पेडल आणि ब्रेक

ही घंटा थांबवण्याची सोय शरीरात आहे काय? आहे.

हृदय, जठर, आतडी, घर्मग्रंथी यांचा कारभार आपल्याला न विचारता चालतो. तो पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या दोन शाखा आहेत. एक अनुकंपी. ती सायकलच्या पेडलसारखी वेग वाढवते. वर सांगितलेली सारी धावपळ तिचीच. दुसरी परानुकंपी. ती ब्रेकसारखी वेग कमी करते, लाळ सुटू देते, पचन चालू करते. या दुसऱ्या शाखेतील सर्वांत महत्त्वाचा मज्जातंतू म्हणजे व्हेगस. त्याला मराठीत प्राणेशा असे सुरेख नाव आहे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेपासून निघतो आणि मानेतून उतरून हृदय, फुप्फुसे, जठर व आतडी यांना शाखा देतो.

या मज्जातंतूला विजेने उत्तेजित केले तर हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ साली दाखवले होते. पण मज्जातंतू हृदयाला निरोप पोचवतो कसा, हे कोडे पुढे पाऊणशे वर्षे सुटले नाही. ते ऑटो लोवी याने सोडवले. एका रात्री त्याला प्रयोगाची युक्ती स्वप्नात सुचली. त्याने अर्धवट झोपेत कागदावर काही खरडले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्याला लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी तो धोका न पत्करता सरळ उठून प्रयोगशाळेत गेला. त्याने बेडकांची दोन धडधडती हृदये क्षारद्रावणात ठेवली. पहिल्याच्या प्राणेशा मज्जातंतूला उत्तेजित केले, ते मंदावले. मग त्याच्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले. आश्चर्य असे की तेही मंदावले! म्हणजे निरोप एका रासायनिक द्रव्याने जात होता. या प्रयोगाची माहिती १९२१ साली प्रसिद्ध झाली. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९३६ साली लोवीला हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक गंमत. हृदयाचे ठोके त्यातीलच एक लहानशी गाठ सुरू करते. बाहेरचा कोणताही मज्जातंतू नसेल तर ती मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. पण शांत बसलेल्या माणसाची नाडी साधारण ७० च्या आसपास असते. याचा अर्थ, विश्रांतीच्या वेळी आपला ब्रेक सतत थोडा दाबलेलाच असतो. भीती वाटली की आधी हा ब्रेक सुटतो आणि मग पेडल मारले जाते.

आता मुख्य प्रश्न : हा ब्रेक आपल्या हाताला लागेल का?

हाताला लागणारी दोरी

हृदयाला 'हळू चाल' अशी आज्ञा करून पाहा. ते ऐकत नाही. जठराला सांगून पाहा, लाळेला सांगून पाहा. कोणी ऐकत नाही. 'घाबरू नकोस' असे मोठी माणसे सांगतात तेव्हा ती आपल्याला असलीच न पाळता येणारी आज्ञा देत असतात.

पण एक क्रिया अशी आहे की तिला दोन मालक आहेत. ती म्हणजे श्वसन. झोपेत ते लंबमज्जेच्या हुकमाने आपोआप चालते. जागेपणी मनात आणले तर आपण ते जलद, मंद किंवा लांब करू शकतो. श्वासपटल एकच, हुकूम देणारे दोन.

आणि श्वासाचा हृदयाशी संबंध आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग याने १८४७ साली एक उपकरण तयार केले. फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असे आणि नाडीच्या लहरी त्यावर रेघ उमटवीत. श्वासाबरोबर नाडीची गती बदलते, हे त्याला या रेघांत दिसले. श्वास आत घेताना प्राणेशेचा ब्रेक थोडा सैल होतो आणि ठोके किंचित जलद पडतात. श्वास सोडताना ब्रेक पुन्हा लागतो आणि ठोके मंदावतात. मग श्वास सोडण्याचा काळ लांबवला तर? ब्रेक लागलेला काळही लांबेल.

आपल्याकडे प्राणायामात उच्छ्वास लांबवण्याची प्रथा फार जुनी आहे. पण ती जुनी आहे म्हणून खरी, असे विज्ञान म्हणत नाही. मोजून पाहा म्हणते. हे मोजून पाहण्याचे काम महाराष्ट्रातच सुरू झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांवर क्ष-किरण, दाबमापक अशा साधनांनी केलेल्या प्रयोगांची माहिती त्यांनी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

चला, आपणही मोजू.

प्रयोग पहिला : नाडी आणि श्वास

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट ठेवा. (अंगठा ठेवू नका, त्याच्यातही नाडी असते व मोजण्यात घोटाळा होतो.) नाडी लागली की सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. बोटांखाली लक्ष ठेवा. श्वास घेताना ठोके जवळजवळ आणि सोडताना दूरदूर पडतात असे जाणवते का? तुमच्या वयात हा फरक मोठ्या माणसांपेक्षा ठळक असतो. आजोबांची नाडी पाहून तुलना करा.

प्रयोग दुसरा : सात दिवसांची वही

साहित्य : सेकंद-काटा असलेले घड्याळ, वही, पेन्सिल व एक नाणे.

रोज ठराविक वेळी पाठ ताठ ठेवून, पण अंग सैल सोडून बसा. अर्ध्या मिनिटातील ठोके मोजून दुपटीने लिहा. मनाची अस्वस्थता ० ते १० यांपैकी किती, तेही लिहा. मग नाणे उडवा. छाप पडला तर पाच मिनिटे पुढीलप्रमाणे श्वसन करा : मनात चार अंक मोजत नाकाने श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. एक अंक म्हणजे एक सेकंद. असे केले की मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आपण बसल्या जागी १२ ते २० घेतो. काटा पडला तर पाच मिनिटे नुसते स्वस्थ बसा. शेवटी नाडी व अस्वस्थता पुन्हा लिहा.

नुसते बसण्याचे दिवस कशाला, असे विचाराल. नुसते बसल्यानेही नाडी उतरू शकते. श्वासाचा स्वतःचा परिणाम किती, हे कळायचे तर तुलना हवीच. आठवड्याच्या शेवटी दोन्ही प्रकारच्या दिवसांची सरासरी काढा. फरक दिसला नाही, तर तसेच लिहा आणि प्रयोग आणखी काही दिवस चालवा. वहीत मनासारखे आकडे भरणारा विद्यार्थी स्वतःलाच फसवतो.

एक सूचना महत्त्वाची. 'घाबरलास? मोठमोठे श्वास घे' असे आपण ऐकतो. तो सल्ला अर्धाच बरोबर आहे. भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, बोटांना व ओठांना मुंग्या येतात आणि घाबरलेला माणूस अधिकच घाबरतो. तेव्हा भर श्वास मोठा घेण्यावर नको, सावकाश सोडण्यावर हवा. श्वास कोंडून धरू नका. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा. दमा किंवा हृदयाचा विकार असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा.

सुटकेचा निःश्वास

मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे : सुटकेचा निःश्वास टाकणे. संकट टळले की आपण एक दीर्घ उच्छ्वास टाकतो. पेपर संपल्याची घंटा झाली की वर्गात तो ऐकू येतो! असे सुस्कारे आपण एरवीही नकळत टाकत असतो. त्यामुळे फुप्फुसातील मिटलेली वायुकोष्ठे पुन्हा उघडतात.

सुटका होण्याची वाट न पाहता हा निःश्वास मुद्दाम टाकला तर? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२३ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. भाग घेणाऱ्यांनी महिनाभर रोज पाच मिनिटे सराव करायचा होता. काही जण निरनिराळ्या पद्धतींनी श्वसन करीत होते, काही जण नुसते ध्यान. चिंता सर्वच गटांत कमी झाली. पण मनाची प्रसन्नता सर्वांत जास्त वाढली ती दीर्घ सुस्कारे टाकणाऱ्यांची. रीत सोपी आहे : नाकाने श्वास घ्या, त्यावर आणखी एक छोटा श्वास घ्या आणि मग तोंडाने अगदी सावकाश सारा श्वास सोडा. प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वी असे दोन-तीन निःश्वास टाकायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि शेजारच्याला कळतही नाही.

स्नायूंचीही अशीच एक युक्ती आहे. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी स्नायू सैल सोडण्याचे शास्त्र अभ्यासून १९२९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मूठ पाच सेकंद घट्ट आवळा आणि मग एकदम सोडा. ताण म्हणजे काय आणि सैल म्हणजे काय, हे हाताला कळते. मग दंड, खांदे, कपाळ, पोटऱ्या असे एकेक घ्या. रात्री अंथरुणावर हे करताना अनेकांना झोपही चांगली लागते.

पाठ दाखवली की भीती वाढते

आता माझ्या पोटदुखीकडे वळू. स्पर्धेच्या दिवशी घरी राहिल्याबरोबर मला किती हलके वाटले होते! पण तीच माझी खरी चूक होती. पळाल्यावर जो आराम मिळतो, तो पळण्याचे बक्षीस ठरतो. शरीर शिकते : 'व्यासपीठ हा खरोखरच धोका होता; पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी घंटा अधिक जोराने वाजते.

याच्या उलट कसे शिकवावे, हे मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली दाखवले. पीटर नावाने ओळखला जाणारा एक मुलगा, वय तीन वर्षांच्या आत-बाहेर, सशाला फार भीत असे. बाईंनी त्याला उपदेश केला नाही आणि ससा एकदम मांडीवरही ठेवला नाही. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा लांब ठेवला. मग थोडा जवळ. पुढे आणखी जवळ. इतर न भिणारी मुलेही तेथे खेळत. मधूनमधून भीती पुन्हा उसळे, पण शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

तुमचा 'ससा' कोणता? त्याच्यापर्यंत जाणारा जिना वहीत लिहून काढा. भाषणाची भीती असेल तर पहिली पायरी : धाकट्या बहिणीला धडा वाचून दाखवणे. दुसरी : घरच्या सर्वांपुढे बोलणे. तिसरी : दोन मित्रांपुढे. चौथी : वर्गात उभे राहून एक प्रश्न विचारणे. पाचवी : प्रार्थनेच्या वेळी सुविचार वाचणे. सहावी : स्पर्धा. प्रत्येक पायरीवर छाती धडधडेल. धडधडू द्या. धडधड आपोआप ओसरेपर्यंत त्या पायरीवर थांबा आणि ती पुन्हा पुन्हा करा. ती कंटाळवाणी वाटू लागली की पुढची पायरी चढा. तोंडी परीक्षेची भीती असेल तर मित्राला परीक्षक करा आणि खुर्ची-टेबल मांडून खरोखरच तोंडी परीक्षा घ्या.

रोजच्या तीन गोष्टी

झोप : तुमच्या वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी. झोप अपुरी झाली की लहानशा कारणानेही घंटा वाजते.

चहा : रात्री जागून अभ्यास करण्यासाठी चहा-कॉफी पिण्याची पद्धत आहे. मेंदूत दिवसभर ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याने झोप येते. चहा-कॉफीतील कॅफीन ॲडेनोसीनची जागा अडवते. कॅफीन निम्मे होण्यास मोठ्या माणसात सुमारे पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊचा चहा दोन वाजताही अर्धा शिल्लक! शिवाय कॅफीनने छाती धडधडते आणि आपल्याला वाटते, चिंता वाढली.

व्यायाम : घंटा वाजली की शरीर पळण्याची तयारी करते. मग त्याला पळू द्या. खोखो, कबड्डी, सायकल, सूर्यनमस्कार, काहीही चालेल. परीक्षेच्या दिवसांत खेळ बंद करणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

ऐकीव उपाय तपासून घ्या

चिंतेवरचे उपाय जो तो सांगतो. ते पारखायचे कसे, याचे एक उदाहरण. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील काळज्या कागदावर लिहिल्या तर गुण वाढतात, असे २०११ साली एका नामवंत शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी अधिक माणसे घेऊन हा प्रयोग पुन्हा केला. २०१८ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात गुण वाढल्याचे आढळले नाही. लिहून तुम्हाला मोकळे वाटत असेल तर जरूर लिहा. पण एका प्रयोगावर विसंबू नये आणि कोणत्याही उपायाला रामबाण म्हणू नये. श्वासालाही नाही.

केव्हा मदत घ्यावी?

पाय मुरगळला तर आपण घरीच शेकतो. हाड मोडले तर डॉक्टरकडे जातो. मनाचेही तसेच आहे. काळजी आठवडेच्या आठवडे सुटत नसेल, झोप किंवा भूक उडाली असेल, शाळेत जाणेच नको वाटत असेल, अचानक जीव घाबरा होण्याचे झटके येत असतील किंवा जगणे नको असा विचार मनात येत असेल, तर तो घरगुती उपायांचा विषय राहिला नाही. त्याच दिवशी आई-वडिलांना, शिक्षकांना किंवा विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. डॉक्टरांनी समुपदेशन सुचवले किंवा औषध दिले तर त्यात कमीपणा नाही. चालू असलेले औषध हा लेख वाचून बंद करू नका.

शेवटी

मी माझा जिना फार उशिरा चढलो. महाविद्यालयात असताना मित्रांच्या अभ्यासमंडळात पाच जणांपुढे बोलण्यापासून सुरुवात केली. आज शिकवणे हाच माझा व्यवसाय आहे. नवीन वर्गात शिरताना माझ्या तोंडचे पाणी अजूनही पळते. दाराशी मी एक लांब निःश्वास टाकतो आणि आत जातो. फळ्यावर तारीख लिहून होईपर्यंत ते पाणी परत आलेले असते.

उत्तरे शोधा

१. घाबरल्यावर हात गार का पडतात आणि तरीही त्यांना घाम का येतो?
२. हृदय आणि श्वसन यांच्या नियंत्रणात कोणता महत्त्वाचा फरक आहे?
३. दुसऱ्या प्रयोगात नाणे कशासाठी उडवले?
४. भीती आणि सुटका यांविषयीचे आणखी पाच वाक्प्रचार गोळा करा. त्यांतील किती शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरतात?